दहाच्या खाली

खंडारे भाऊ मला पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांच्या काखेत एक पांढरी कोंबडी होती. अकोल्याच्या प्रयोगशाळेत मी त्या दिवशी रुजू होत होते. हातात नेमणुकीचं पत्र, डोक्यात पीएच.डी.ची हवा, आणि अमरावतीहून सकाळच्या गाडीत उभ्याने आल्यामुळे पायांत गोळे. फाटकातच हा गृहस्थ आडवा आला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल, पन्नाशी ओलांडलेली. मी विचारलं, फ्लूच्या विभागातले खंडारे कुठे बसतात? त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "मीच तो. अन् हे आपली स्टाफ." मी हसले नाही. पहिल्या दिवशी हाताखालच्या माणसांशी हसू नये असं तेव्हा माझं ठाम मत होतं. आता अशी मतं माझ्याजवळ फारशी उरली नाहीत, आणि गेली त्यातली निम्मी तरी भाऊंनी घालवली.

भाऊंना जाऊन वर्ष होत आलं. मी आता अमरावतीला, घराजवळच्या प्रयोगशाळेत आहे. इथे प्लेटचा फोटो काढून आकडा सांगणारं यंत्र आहे. मुलं-मुली प्लेट आत सरकवतात आणि आपापला फोन बघत बसतात. मी त्यांना प्लेट हातात घेऊन, उजेडाकडे तिरपी धरून, डोळ्यांनी वाचायला लावते. मॅडम जुन्या वळणाच्या आहेत, असं ती आपसात म्हणतात. म्हणू देत बापडी. भाऊ नसलेल्या खोलीत मला अजून करमत नाही, आणि प्लेट तिरपी धरली की थोडं करमतं, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

आमचं काम सांगायला अवघड नाही. फ्लूची लस घेतली की अंगात त्या विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात. आम्ही त्यांना अँटीबॉडीच म्हणायचो. ती किती झाली हे मोजायचं. माणसाच्या रक्तातून वेगळं काढलेलं सीरम घ्यायचं आणि प्लेटवरच्या बारक्या खळग्यांत ते पातळ करत न्यायचं. पहिल्या खळग्यात दहापट, दुसऱ्यात वीसपट, मग चाळीस, मग ऐंशी, असं दुप्पट-दुप्पट. प्रत्येकात मारून ठेवलेला विषाणू टाकायचा आणि शेवटी कोंबडीच्या रक्तातल्या लाल पेशी. या विषाणूला पेशी धरून ठेवायची खोड आहे. तो मोकळा असला तर पेशींना एकमेकींत गुंतवतो आणि खळग्याच्या तळाशी लालसर पातळ थर पसरतो. अँटीबॉडीने त्याला आधीच पकडून ठेवलं असेल तर पेशी निवांत खाली घसरतात आणि मधोमध लाल ठिपका बसतो. पुस्तकात या दोन्हींना लांबलचक नावं आहेत. भाऊ थराला चादर म्हणत आणि ठिपक्याला टिकली. ज्या शेवटच्या खळग्यात टिकली दिसेल तो त्या माणसाचा आकडा. चाळीस किंवा वर असला की माणूस बऱ्यापैकी सुरक्षित. पहिल्याच खळग्यात चादर असली की वहीत लिहायचं, दहाच्या खाली. म्हणजे लस टोचली, दंड दुखला, बाकी काही झालं नाही.

पेशी ताज्या लागतात, म्हणून कोंबड्या. पूर्वी रक्त बाजारातल्या दुकानातून यायचं. भाऊंचा त्या रक्तावर भरवसा नव्हता. कापायला नेलेली कोंबडी घाबरलेली असते, तिचं रक्तही घाबरलेलं निघतं, असं त्यांचं शास्त्र होतं. मी त्याला पुरावा मागितला तर त्यांनी मला दोन्ही रक्तांच्या प्लेटा शेजारी शेजारी लावून दाखवल्या, आणि मी गप्प बसले. त्यांनी घरीच तीन कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांची नावं डायरेक्टर, जॉइंट डायरेक्टर आणि ऑडिट. ऑडिट चोच मारायची. पंखाखालच्या शिरेतून ते इतक्या हलक्या हाताने रक्त काढत की कोंबडी मान वळवून बघायचीसुद्धा नाही. नंतर तिला भिजवलेले हरभरे मिळत. एकदा मी सहज विचारलं, म्हाताऱ्या झाल्यावर यांचं काय करता? भाऊंना प्रश्न आवडला नाही. "आमच्या घरी कोंबडी रिटायर होते, शिजत नाही," एवढंच म्हणाले.

दर शनिवारी मी अमरावतीला घरी निघाले की वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार अंडी माझ्या पिशवीत पडत. आई विचारायची, यावेळी कोणाची? मी सांगायची, ऑडिटची. माझ्या आईने भाऊंना कधी पाहिलं नाही, पण त्यांच्या कोंबड्यांची ख्यालीखुशाली ती न चुकता विचारायची.

प्लेट वाचताना भाऊ वेगळेच होत. आधी हात पुसत, मग चष्मा पुसत, मग खिडकीचा पडदा अर्धा ओढत. त्या वेळी खोलीत कोणी बोललं तर ते वाचणं थांबवून त्याच्याकडे बघत राहात, तो ओशाळून गप्प होईपर्यंत. आणि सगळ्यांत आधी बघत ते प्लेटच्या टोकाचे दोन खळगे. यांत कोणाचंच सीरम नसतं, नुसता विषाणू आणि पेशी. तिथे ताणून अंथरलेली चादर दिसलीच पाहिजे. तीच आमची कसोटी. तिला कंट्रोल म्हणतात. कंट्रोल बिघडला की अख्खी प्लेट नाल्यात. "पयले कंट्रोल, मंग दुनिया," हे भाऊंचं पालुपद होतं. मला आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात ते इतक्या वेळा ऐकावं लागलं की मी वैतागून म्हटलं, भाऊ, मी हे शिकवते विद्यार्थ्यांना. ते म्हणाले, शिकवनं अलग, पाहनं अलग.

मोठ्या माणसांची भीड त्यांना ठाऊकच नव्हती. एकदा वरून एक साहेब आले. लस किती चांगली हे लोकांना पटावं म्हणून त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली होती आणि महिन्याने आमच्याकडे रक्त दिलं. आकडा आला वीस. साहेबांना तो पसंत पडला नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन सुचवलं की पुन्हा नीट बघा, वाचणाऱ्याची चूक असू शकते. वाचणारा शेजारीच उभा होता. भाऊंनी शांतपणे ताजी प्लेट लावली, तासाभराने ती साहेबांच्या हातात दिली, तिरपी कशी धरायची ते दाखवलं आणि म्हणाले, आता तुमीच वाचा. साहेबांनी वाचलं. वीसच होतं. जाताना भाऊंनी त्यांना आणखी एकदा लस घ्यायचा सल्ला दिला आणि गरम पाण्याने दंड शेकायला सांगितलं. साहेब गेल्यावर मी त्यांच्यावर चिडले, माझा वार्षिक शेरा याच माणसाच्या हातात आहे म्हणून. भाऊ म्हणाले, "मॅडम, टिकली कोनाचं पद पाहून पडते का?" माझा शेरा त्या वर्षी सामान्यच आला.

आता प्रमिलाताईंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय भाऊ सांगताच येणार नाहीत.

प्रमिलाताई म्हणजे भाऊंच्या पत्नी. प्राथमिक शाळेत शिक्षिका. आवाज असा की वर्ग चौथीला शिकवलं तर दुसरीच्या पोरांचे पाढे पाठ व्हावेत. गल्लीतलं कोणतंही बारसं, डोहाळजेवण, लग्न त्यांच्याशिवाय उभं राहायचं नाही. विहारात दर पौर्णिमेला वंदनेला पहिला आवाज त्यांचा. अशी बाई मूत्रपिंडं निकामी होऊन बिछान्याला खिळली. कोरोनाच्या दोन वर्षं आधी भाऊंनी आपलं एक मूत्रपिंड त्यांना दिलं. ऑपरेशन उत्तम झालं. पण बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून अशा रुग्णाला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्या अंगातली लढायची ताकदच दाबून ठेवतात. साधा फ्लूसुद्धा जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांनी सांगितलं, गर्दी टाळा. नोकरी सुटली. मग कोरोना आला आणि सगळंच जग घरात बसलं, तेव्हा त्यांना थोडं बरं वाटलं होतं म्हणे. पुढे साथ ओसरली. सगळ्यांचे मास्क उतरले, लग्नं पुन्हा वाजू लागली. प्रमिलाताई खिडकीच्या आतच राहिल्या.

त्याच सुमारास आमच्याकडे एक अभ्यास सुरू झाला. ज्यांची ताकद औषधांनी दाबलेली आहे अशा रुग्णांना दर वर्षी एप्रिलमध्ये फ्लूची लस द्यायची आणि महिन्याने त्यांच्या अँटीबॉडी मोजायच्या. प्रमिलाताईंनी नाव नोंदवलं. रुग्णाला फक्त क्रमांक दिलेला असतो, नमुन्यावर नाव नसतं, म्हणजे वाचणाऱ्याचा कल कुठे जायला नको. भाऊ पहिल्याच दिवशी माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेऊन म्हणाले की सत्तेचाळीस नंबर त्यांच्या घरचा आहे, बायकोने कार्ड फ्रिजवर चिकटवलं आहे, त्यामुळे न कळायचं काही उरलेलं नाही. सत्तेचाळीस ज्या प्लेटवर असेल ती मी वाचायची. मी म्हटलं, भाऊ, तुमच्याइतकं चोख कोण वाचणार? ते म्हणाले, "माह्या डोयाले टिकली पाह्यजे आहे, मॅडम. मंग तो चादरीतबी टिकली पाहीन."

तेव्हापासून तसा रिवाज पडला. ती प्लेट ते स्वतः लावत, सीरमचा एक थेंब इकडचा तिकडे होऊ न देता. पेशी घातल्या की प्लेटवर पुठ्ठा झाकत आणि मला बोलवत. मी वाचत असताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहात, हात पाठीमागे बांधून. भिंतीवर आग विझवण्याच्या सूचनांचा तक्ता होता. त्यांना तो पाठ झाला असणार. पहिल्या वर्षी मी म्हटलं, दहाच्या खाली. दुसऱ्या वर्षीही म्हटलं, दहाच्या खाली. ते तसेच पाठमोरे, बरं म्हणून बाहेर जात आणि हात धुऊन येत. त्यांचा स्वतःचा आकडा एकशेसाठ होता. दुसऱ्या वर्षी वही मिटताना ते म्हणाले, "किडनी माही घेऊन गेली, पन एक अँटीबॉडी सोबत नेली नाही पाहा. मानूस सासरी जातानी डबा तरी नेते." मी हसले. मग खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण ते हसत नव्हते.

त्यांना प्रमिलाताईंसाठी जास्त काही नको होतं. चाळीस हवे होते. चाळीस आले की डॉक्टर थोडी मोकळीक देणार होते. घरात चालता-बोलता तोच विषय असे. शेजारीण विचारायची, यावर्षी चाळीस का हो? जणू दहावीचा निकाल.

तिसऱ्या वर्षीचा मे महिना. अकोल्याचा मे काय असतो ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. दुपारी खुर्चीचा हातसुद्धा चटका देतो. त्याच आठवड्यात रविवारी अचलपूरला प्रमिलाताईंच्या भाचीचं लग्न होतं. त्यांनीच लहानाची मोठी केलेली भाची. त्या जाणार नाहीत असंच ठरलं होतं. दोन दिवस आधी, शुक्रवारी, सत्तेचाळीसची प्लेट लागली. सकाळपासून खोलीतला एसी बंद पडला होता आणि मेकॅनिक येतो येतो म्हणत होता. आणि नेमके त्याच दिवशी पाहणीला दोन अधिकारी आले. मी त्यांच्यापुढे कचोरी आणि चहा मांडून आमच्या विभागाचं कौतुक करत बसले. भाऊ एकदा दारात आले, प्लेट झाली म्हणाले. मी हाताने थांबा म्हटलं. काही वेळाने पुन्हा आले. उकाडा आहे मॅडम, लवकर या, म्हणाले. मी पुन्हा हात केला. तो हात मला अजून दिसतो.

पाहुणे गेल्यावर मी घाईने आत शिरले. भाऊ भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. मी पुठ्ठा काढला, प्लेट तिरपी धरली आणि सत्तेचाळीसची ओळ पाहिली. पहिल्या खळग्यात टिकली. दुसऱ्यात टिकली. तिसऱ्यात, चौथ्यात. पुढचं पुसट होतं, ते मी नीट पाहिलंच नाही. मी ओरडलेच म्हणा ना, भाऊ, ऐंशी.

ते हलले नाहीत. पुन्हा सांगा म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, भिंतीकडे तोंड असतानाच, आणि घरी लावला. "पमे, ऐंशी," म्हणाले. फोन बंद करून ते वळले आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या प्लेटकडे आले. डोळे पाण्याने भरलेले. त्यांना ती ओळ स्वतः बघायची होती. माझ्या हातून त्यांनी प्लेट घेतली, तिरपी केली, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते म्हणून मला सगळं दिसलं. त्यांची नजर आपोआप टोकाच्या खळग्यांकडे गेली आणि तिथेच राहिली.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "कंट्रोल पाह्यला का?"

मी पाहिला नव्हता.

हा विषाणू पेशींना धरून ठेवतो खरा, पण उकाड्यात जास्त वेळ ठेवला तर स्वतःच हात सोडून देतो. चादर विरते आणि पेशी तळाशी गोळा व्हायला लागतात. मग जिथे एकही अँटीबॉडी नाही तिथेही टिकली दिसते. कंट्रोलच्या दोन्ही खळग्यांत चादर विरली होती आणि मधोमध लाल डाग बसला होता. ज्यात कोणाचंच सीरम नाही तिथेसुद्धा. प्लेट खोटी होती. हे मी परीक्षेला विचारते, पाच गुणांना. आणि मी पाहुण्यांना कचोरी वाढत बसले, आत आल्यावर पहिला डोळा कंट्रोलवर टाकायचा तो टाकला नाही, आणि आयुष्यभर प्रत्येकाला कंट्रोल विचारणाऱ्या माणसाने त्या दिवशी एकदाच, फोन लावण्याआधी, तो विचारला नाही, कारण आकडा मी सांगितला होता.

मी म्हटलं, भाऊ, आत्ता फोन करा. चूक माझी आहे, मी बोलते त्यांच्याशी. त्यांनी मान हलवली. "फोनवर देल्लं ते फोनवर वापस नाही घेत. घरी जातो." त्यांनी प्लेट बाजूला ठेवली, कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि सुट्टीचा अर्ज न देताच गेले. तोपर्यंतच्या नोकरीत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑडिटचं ताजं रक्त घेऊन वेळेवर हजर. एसी सुरू झाला होता. आम्ही उरलेल्या सीरमची प्लेट पुन्हा लावली, घड्याळ समोर ठेवून. मी आधी कंट्रोल वाचला आणि मोठ्याने सांगितला. मग सत्तेचाळीस. पहिल्याच खळग्यात चादर. भाऊच म्हणाले, लिहा मॅडम, दहाच्या खाली. मला त्यांनी रागावायला हवं होतं. त्यांनी मला पाणी आणून दिलं. आजवर माझ्यावर ओरडलेल्या सगळ्या माणसांना मी विसरले, पण त्या पाण्याच्या पेल्याने मला माफ केलेलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, रेल्वेलाइनीच्या पलीकडे. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवत गेले होते. प्रमिलाताईंनी मला अंगणात, त्यांच्यापासून थोडं दूर खुर्ची दिली, नेहमीसारखी. मास्कवरचे डोळे मात्र हसरे होते. माझी वाक्यं सुरू व्हायच्या आधीच त्या बोलायला लागल्या.

आदल्या दिवशी गल्लीत उडदाच्या पापडांचा दिवस होता. उन्हाळ्यात आमच्याकडे आज या घरचे, उद्या त्या घरचे असे पापड बायका मिळून लाटतात. वीस-बावीस जणी शेजारच्या ओसरीवर पोळपाट मांडून बसल्या होत्या. प्रमिलाताई सहा वर्षं त्यांचा गलका खिडकीतून ऐकत होत्या. फोनवर ऐंशी ऐकलं, आणि त्यांनी मास्क काढून खुंटीला टांगला, आपलं पोळपाट-लाटणं उचललं आणि सरळ त्या घोळक्यात जाऊन बसल्या. बायका उठून गळ्यात पडल्या. कोणी रडलं. मग सगळ्या लाटायला लागल्या आणि प्रमिलाताईंनी गाणी सांगितली.

"हे आले तवा मी भर मधात बसून राहिली होती," त्या म्हणाल्या. "मले दिसले नाहीत. कोपऱ्यावर लिंबाच्या झाडाखाली सायकल धरून उभे होते म्हने. शांताबाईनं पाह्यलं. पाऊन तास उभे होते, मॅडम. तो पिठाचा गोया सरेपर्यंत यायनं मले हाक नाही मारली."

मी भाऊंकडे पाहिलं. ते कोंबड्यांना पाणी ठेवत होते आणि आमचं बोलणं ऐकू येत नसल्यासारखं करत होते. जो माणूस कंट्रोल बिघडलेली प्लेट क्षणभर टेबलावर ठेवत नसे, त्याने खोटा आकडा पाऊण तास तसाच राहू दिला होता. ओसरीवरची एकेक शिंक ते मोजत असणार. गोळा संपल्यावर ते पुढे झाले आणि चौकटीपाशी जाऊन म्हणाले, पमे, घरी चाल. घरात गेल्यावर सगळं खरं सांगितलं. चूक माझी होती हे मात्र सांगितलं नाही. एसी बंद होता म्हणाले. ते मी त्या अंगणात सांगितलं तेव्हा प्रमिलाताईंनी पहिल्यांदा ऐकलं.

त्यावर त्या म्हणाल्या, "तुमची चूक झाली म्हनून मी पापड लाटले. नाही तं कवा लाटले असते?" आणि लगेच भाऊंकडे वळून, जरा चढ्या आवाजात, "मी उद्या लग्नाले येनार आहे. दहाच्या खाली तं दहाच्या खाली. दहाच्या खालच्या मानसाले भाची नसते का?"

भाऊंनी वाद घातला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. त्यांनी घातला. मी निघेपर्यंत तो चालूच होता. पण रविवारी दोघं अचलपूरला गेले. पुढचे दहा दिवस भाऊ दिवसातून तीनदा घरी फोन करून ताप विचारत होते. ताप आला नाही. अकराव्या दिवशी त्यांनी लॅबमध्ये सगळ्यांना लग्नातली बुंदी वाटली, वाळून खडखडीत झालेली.

पुढच्या वर्षी भाऊ निवृत्त झाले आणि मी बदली मागून अमरावतीला आले. अकोल्याच्या त्या खोलीत त्यांच्याशिवाय जाणं मला जमलं नसतं. आणि मग गेल्या वर्षी एका सकाळी प्रमिलाताईंचा फोन आला की भाऊ गेले. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात पोचायच्या आत. एकशेसाठवाला गेला आणि दहाच्या खालची आहे. दर पौर्णिमेला विहारात जाते, तिचा आवाज रस्त्यापर्यंत येतो असं सांगतात. त्या आवाजाला अजून भाऊंचंच मूत्रपिंड पुरतं आहे. मी आयुष्यभर माणसाच्या सुरक्षिततेचे आकडे लिहीत आले, आणि यातलं मला काहीही आधी सांगता आलं नसतं. भाऊ असते तर त्यांना विचारलं असतं. मला ते फार हवे आहेत, एवढंच मला नक्की माहीत आहे.

ते जायच्या चार महिने आधी अमरावतीच्या बस स्टँडवर ते दोघं मला भेटले होते. भाचीच्या मुलीचं बारसं होतं, अचलपूरची गाडी पकडायची होती. भाऊ थोडे वाळले होते. फलाटावर ही गर्दी. प्रमिलाताई आधीच गाडीत चढून खिडकीची जागा धरून बसल्या होत्या आणि शेजारच्या अनोळखी बाईशी अशा बोलत होत्या की जणू दोघी एकाच माहेरच्या. भाऊ खाली पिशव्या सांभाळत उभे. मी त्यांना सांगितलं, आता जास्त ताकदीची लस निघाली आहे, ताईंना द्या, महिन्याने रक्त पाठवा, मी स्वतः मोजते. कंट्रोल आधी बघते, असंही म्हटलं.

ते हसले. "लस देतो, मॅडम. पन मोजू नका. दहाच्या खाली निघाले तं तिले घरात बसवा वाटते, अन् ऐंशी निघाले तं मले विश्वास नाही बसत."

कंडक्टरने घंटी दिली. भाऊ पिशव्या घेऊन चढले. माणसांतून वाट काढत त्यांच्या सीटपाशी पोचले, बसायला जागा नव्हतीच, दांडीला धरून उभे राहिले. प्रमिलाताईंचा मास्क बोलण्याच्या भरात हनुवटीखाली घसरला होता. मला खिडकीतून दिसलं, भाऊंनी तो वर करायला हात पुढे केला. ताईंनी बोलणं न थांबवता तो हात बाजूला सारला. भाऊ क्षणभर तसेच वाकून राहिले. मग त्यांनी हात मागे घेतला आणि प्रमिलाताई काय सांगत आहेत ते ऐकू लागले, आणि गाडी सुटली.